साधा पिवळा ८३०डी मल्टिमीटर: मीटर टिकला, वायरी गेल्या

डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरला घेतलेला, व्होल्टेज-करंट-रेझिस्टन्स मोजायचा हा मीटर माझ्याबरोबर तिसऱ्यात आलाय. रेंज किती, डिस्प्ले कसला, सेल कुठला हे इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना पाठ आहे, ते सोडते. मला बोलायचंय ते त्याच्याबरोबर फुकट येणाऱ्या लाल-काळ्या वायरींबद्दल, म्हणजे प्रोबबद्दल.

परवा प्रॅक्टिकलला ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं चार डायोडचं सर्किट) ब्रेडबोर्डवर लावला होता. कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का, बघतेय तर बझर मधेच वाजतोय, मधेच गप्प. जंपर बदलले, डायोड काढून परत बसवले, तरी तेच. सर आले आणि म्हणाले, "आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकव." २०० ओहमच्या रेंजवर ०.४ च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसलंही. पण काळी वायर प्रोबच्या मुठीपाशी जरा वाकवली की डावीकडं नुसता १, म्हणजे जोडणीच तुटली. बाहेरून नवीकोरी वायर, आतून तुटलेली! तासभर त्यात गेला आणि रीडिंग शेजारच्या ग्रुपच्या मीटरवर घ्यावी लागली.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत जिथून घेतला त्या दुकानात गेले.

"काका, वायर गेली ह्याची."

"मीटर चालतोय न्हवं?"

"चालतोय की."

"मग झालं. गॅरंटी मीटरची असती, वायरीची न्हाई."

"वायरीशिवाय मीटर काय शोकेसला ठेवू?"

काका हसले आणि तसलीच जोडी पुढं सरकवली, चाळीस रुपये. घेतली नाही. पैशापेक्षा राग जास्त होता.

घरी मूठ उघडली. आत तांब्याचे मोजके तंतू, सोल्डरच्या एका ठिपक्यावर कसेबसे लटकवलेले. वायर मुठीतून बाहेर पडते तिथं ती मुडपू नये म्हणून रबरी बूट असतो, तो नाही. वरचं पीव्हीसी ताठ. सोल्डर तंतूंमधून जिथवर चढलंय तिथवर वायर कडक, पुढं मऊ. त्या सीमेवरच ती रोज वाकणार आणि तिथंच तुटणार. शिवाय आपण सगळे वायर मीटरभोवती गच्च गुंडाळून, जर्नलखाली दाबून केएमटी बसच्या गर्दीतून नेतो. इंचभर कापून परत सोल्डर मारलं, वर हीट श्रिंक चढवली. महिनाभर चाललं, मग मीटरमध्ये घालायच्या बनाना प्लगच्या टोकाला तुटली.

शेवटी सिलिकॉनच्या वायरी मागवल्या. मीटरपेक्षा महाग! घरी हा हिशोब अजून सांगितलेला नाही. पण काय सांगू, मऊ सुतासारख्या पडतात, सोल्डरिंग आयर्न चुकून टेकलं तरी वितळत नाहीत, आणि टोक टोकदार असल्यानं आयसीच्या पिनवरून घसरत नाही.

इथवर लिहून मीटरलाही शिव्या घालणार होते. पण नव्या वायरी लावल्यावर कळलं की मीटर बिचारा बरा आहे. ५ व्होल्टच्या सप्लायवर कॉलेजच्या बेंच मीटरशी ताडून बघितला, फरक दुसऱ्या दशांशात. एवढ्या पैशात आणखी काय पाहिजे?

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. ह्याचा इनपुट रेझिस्टन्स १ मेगाओहम आहे, चांगल्या मीटरचा १० असतो. १२ व्होल्टला १-१ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधला व्होल्टेज मोजा: गणितानं ६ यायला हवा, हा ४ दाखवतो, कारण खालच्या रेझिस्टरला मीटर स्वतःच पॅरलल बसतो. १० मेगाओहमवाला ५.७ दाखवतो. लोडिंग इफेक्ट थिअरीत डोक्यावरून गेला होता, ह्या ४ व्होल्टनं शिकवला. म्हणून ह्याला दोष म्हणावं का नाही, माझं अजून ठरत नाही.

दुसरी सेलची. ऑटो-ऑफ नाही, नॉब ऑफवर फिरवायचं राहिलं की सेल बसलाच. आणि सेल उतरला की रीडिंग कमी नाही, जास्त येते. सेल साधारण ७ व्होल्टच्या खाली गेला की आतला रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी ताडून मीटर मोजतो तो ठराविक व्होल्टेज, धरत नाही, ढासळतो आणि आकडा फुगतो. आमच्या ग्रुपमधल्या एकानं ५.८ दिसतंय म्हणून चांगला ७८०५ (५ व्होल्ट देणारा आयसी) काढून फेकला. आकडा संशयास्पद वाटला तर आधी सेल बघा, मग आयसीला हात लावा.

१० अँपिअरच्या सॉकेटला माझ्या मीटरमध्ये फ्यूज नाही. लाल प्रोब तिथं ठेवून घरातल्या प्लगमध्ये घालू नका, तो थेट शॉर्ट आहे.

पहिल्या वर्षाच्या पोरांनी घ्यायला हरकत नाही. फक्त दुकानात उभ्या उभ्याच प्रोब टेकवायचे, वायर मुठीपाशी चारी बाजूंनी वाकवून बघायची, आकडा उडाला तर दुसरा नग मागायचा. काका कुरकुरतील, कुरकुरू द्या.