टायमरचा फोन-लॉक डबा, सात महिन्यांनंतर: पारदर्शक घेऊ नका

फोन आत ठेवून टायमर लावला की वेळ संपेपर्यंत झाकण उघडत नाही, असा हा डबा. मंगळवारी त्याचे सेल उतरले, तेही फोन आत असताना. तीन तासांच्या कुलपातला सव्वा तास बाकी होता आणि टायमरचे आकडेच गायब झाले. नेमका तेव्हाच बाबांचा फोन. डबा पारदर्शक, त्यामुळे स्क्रीनवर ‘बाबा’ उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. चार वेळा. शेवटी अभ्यासिकेतल्या दादांनी पेचकस घालून झाकण उचकटलं. खानावळीचे पैसे पोचले का, एवढंच बाबांना विचारायचं होतं. पण माझे हात बराच वेळ कापत होते.

आता सुरुवातीपासूनचा अनुभव लिहिते. मी पुण्यातल्या नवी पेठेत राहून राज्यसेवेचा अभ्यास करते. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. एकेका पेपरला तीन तास सलग लिहायचं, आणि माझा हात वीस मिनिटांत फोनकडे जायचा. म्हणून १,६५० रुपये घातले. दुसऱ्या महिन्यात दीड तास न उठता उत्तरं लिहून झाली, तेव्हा मी चार तारे दिले होते.

ते आज मागे घेते, कारण तो पारदर्शक प्लास्टिक. फोन सायलेंट असला तरी टेलिग्रामचा मेसेज आला की डबा कंदिलासारखा उजळतो. हात बांधलेला, डोळे मोकळे. वह्यांचा खाकी कागद चिकटवून पाहिला. उजेड दिसेना, पण फोन समोर आहे हे डोक्यातून जाईना. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच मांडलं होतं: फोन बंद असो वा सायलेंट, तो टेबलावर असलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची कामगिरी चांगली. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असं आढळलं नाही, पण माझ्या टेबलापुरतं ते खरं आहे.

मग फोन बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवू लागले, महिना पन्नास रुपये. मन शांत झालं. पण किल्ली माझ्याच खिशात, त्यामुळे चहाला उठलं की लॉकर उघडायचाच. डबाच लॉकरमध्ये ठेवला तेव्हा कुठे जमलं. म्हणजे डबा वाईट नाही, त्याची जागा टेबल नाही. (चालू घडामोडींच्या पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, नाहीतर फोन काढायला कारण मिळतंच.)

सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. तिथे अख्खं गाव एकदम फोन ठेवतं, म्हणून कुणाचा जीव टांगणीला लागत नाही. मंगळवारनंतर मी घरी सांगितलं: साडेतीन ते साडेसहा मी फोनवर नाही, अडलं तर दादांच्या नंबरवर लावा. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

कस्टमर केअर म्हणतं, झाकण उचकटलंय म्हणून वॉरंटी गेली. सेल संपत आल्यावर कुलूप आपोआप उघडायला नको का, यावर तीन मेल पाठवले, उत्तर नाही. एक तारा.

सध्या फोन लॉकरमध्ये, किल्ली दादांकडे. साडेसहाला मागून घेते, दादा आधी देत नाहीत.