ग्रॅफाइटवर सोन्याचे नॅनोकण: थेंब टाकावा की वाफ बसवावी?

एचओपीजीचा, म्हणजे अगदी सपाट थरांच्या कृत्रिम ग्रॅफाइटचा, तुकडा चिकटपट्टीने सोलायचा, त्यावर सोन्याचे कण बसवायचे आणि एएफएमखाली (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) मोजायचे, एवढंच काम. पण कण बसवायचे कसे, यावर आमच्याकडे दोन तट होते: कोलॉइडचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा, थेंब टाकणारे आणि व्हॅक्यूममध्ये सोन्याची वाफ बसवणारे. मी दोन्हीकडे राहून आलोय.

कोलॉइडची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. सोन्याच्या क्षाराचं द्रावण सायट्रेटबरोबर उकळून कण बनवण्याची पद्धत 1951मध्ये टर्केविच यांनी दिली. 1973मध्ये फ्रेन्स यांनी दाखवलं, की सायट्रेट कमीजास्त करून कणांचा आकार साधारण 16पासून 150 नॅनोमीटरपर्यंत ठरवता येतो. लागतं काय, तर हॉटप्लेट आणि अम्लराजाने धुतलेला फ्लास्क. सगळे कण एका मापाचे हवे असतील, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझं बिनसलं ते थेंब वाळल्यानंतर. कडेला चहाच्या कपासारखं वर्तुळ उमटतं. ते चालतं, मधला भाग बघावा. त्रास मिठाचा. पाणी उडून जातं, पण सोडियम सायट्रेट जातं कुठे? तिथेच बसतं, बारीक गाठी करून. एएफएमला फक्त उंची कळते, त्यामुळे पाच नॅनोमीटरची गाठ सोन्याची की मिठाची हे चित्रावरून सांगता येईना. बरं, धुवावं, तर ग्रॅफाइटची सोन्यावर पकड इतकी सैल की मिठाबरोबर कणही वाहून जातात, आणि उरलेल्यांतले काही एएफएमची टिप (सुई) ओढत नेते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकदा चार दिवस मोजलेले ‘कण’ दुसऱ्यांदा धुतल्यावर निम्मे झाले. त्यातलं मीठ किती आणि सोनं किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

व्हॅक्यूममध्ये ही भानगडच नाही. बोटीत (तापवायच्या धातूच्या छोट्या पन्हाळीत) सोन्याची तार, खाली ताजं सोललेलं ग्रॅफाइट, आणि थराची जाडी दाखवणाऱ्या क्वार्ट्झ मॉनिटरवर अर्धा-एक नॅनोमीटर दिसला की शटर बंद. तो आकडा सरासरीचा. सपाटीवर सोन्याच्या अणूंना धरून ठेवणारं फारसं काही नसतं, ते भटकतात आणि एकमेकांना किंवा एखाद्या पायरीला (ग्रॅफाइटचा थर जिथे संपतो त्या कडेला) अडकतात. म्हणून सलग थर न होता बेटं होतात, आणि पायऱ्यांच्या कडेने माळ ओवल्यासारखी रांग लागते. ग्रॅफाइट तापवून ठेवलं, तर बेटं कमी पण मोठी.

तोटे आहेत. पंपाला वेळ, चेंबरसाठी रांग, आणि बरंचसं सोनं भिंतींवर. आकारही एकसारखे येत नाहीत. सपाटीवर विखुरलेले सुटे कणच हवे असतील, तर पायऱ्यांची ती माळ वैताग आणते.

विद्युत-निक्षेपणाचा, म्हणजे द्रावणातून विजेने धातू बसवण्याचा, तिसरा रस्ताही आहे. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला पेनर यांच्या गटाने 1990च्या दशकात मिलिसेकंदांच्या पल्सने ग्रॅफाइटवर चांदी आणि प्लॅटिनमचे सुरेख कण बसवले. मी आठवडाभरच करून पाहिलं. पुन्हा क्षारांचं द्रावण, पुन्हा धुणं. हातात कौशल्य असणाऱ्याला जमेलही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी असेल, तर माझी तक्रार निम्मी तरी कमी धरा. त्यात सोनं उजळ दिसतं, मीठ तितकं नाही. आणि थेंबच टाकणार असाल, तर सोलल्यासोल्या टाका. ताज्या ग्रॅफाइटवर पाण्याच्या थेंबाची कड पृष्ठभागाशी साधारण 64 अंशांचा कोन करते. हवेत पडून राहिलं, की हवेतली हायड्रोकार्बनं बसून तो 90च्या आसपास जातो आणि थेंब पसरत नाही.

मी मात्र चेंबरच्या रांगेत उभा राहतो. तुकड्याच्या एका कोपऱ्यावर फॉइलचा तुकडा ठेवतो. नंतर तो काढला, की त्याच नमुन्यावर कोरं ग्रॅफाइट शेजारीच मिळतं. तिथे गाठी दिसल्या, तर सोन्याकडे बोट दाखवता येत नाही.