रूरल पॅन आणि दोन शोषखड्डे: घरच्या संडासाचा हा संच घ्यावा का?

हार्डवेअरच्या दुकानात ‘इंडियन सीट द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा ओरिसा पॅन पुढ्यात येतो. फ्लशची टाकी असलेल्या फ्लॅटला तो चांगला. अंगणात दोन शोषखड्डे खणून (एक भरला की दुसरा वापरायचा) बांधायच्या संडासाला मात्र चुकीचा, आणि ती चूक कळते थेट उन्हाळ्यात. तेव्हा दुकानात शिरतानाच ‘रूरल पॅन आणि त्याचाच पी-ट्रॅप’ (पॅनखालचा, पाणी अडवून ठेवणारा वाकडा पाइप) असं सांगावं.

दोन्ही भांडी पांढरीच. खरा फरक उताराचा आहे. रूरल पॅनचा तळ २५ ते २८ अंशांनी खाली उतरतो, त्यामुळे वरून तांब्यानं टाकलेल्या दीड-दोन लिटर पाण्यात मैला निघून जातो. ट्रॅपमध्ये पाणी अडतं तेही जेमतेम २० मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढं. वास आणि डास रोखायला ते पुरतं, ढकलायला जोर लागत नाही. नेहमीच्या ट्रॅपमध्ये याच्या दुपटीहून जास्त पाणी उभं असतं, त्याला हलवायला अर्धी बादली ओतावी लागते.

आता सहा माणसांचं घर धरा, दिवसातून प्रत्येकी दोन खेपा. रूरल पॅनला रोजचं २४ लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरचा हंडा धरला तर दीड हंडा. प्रत्येक वेळी सहा लिटर ओतावं लागलं तर ७२ लिटर, म्हणजे जवळजवळ पाच हंडे. हे हंडे कोणाच्या डोक्यावरून येतात ते सांगायला नको. टँकर एक दिवसाआड येऊ लागला की त्याच घरातली बाई नवऱ्याला आणि पोरांना म्हणते, ‘तुम्ही जा बाहेर.’ उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला गुड मॉर्निंग पथकं पहाटे शिट्ट्या वाजवत फिरली, गाव हागणदारीमुक्त झाल्याची पाटी लागली, तरी एप्रिलमध्ये डबे पुन्हा का निघतात, याचं एक मोठं उत्तर या भांड्याच्या उतारात आहे.

पॅन सिरॅमिकचाच घ्यावा. सिमेंट-मोझॅकचा स्वस्त पडतो, पण खरखरीत असल्यानं डाग धरतो आणि मग धुवायला पाणी जास्त. बसवताना गवंड्याला लेव्हल पट्टी लावायला लावा: ट्रॅप जरा कलला तरी पाण्याची सील तुटते आणि पहिल्या दिवसापासून वास येतो. फरशी पक्की करण्याआधी एक चाचणी करावी. ओल्या वर्तमानपत्राचे तीन-चार बोळे पॅनमध्ये टाकायचे आणि दोन लिटर पाणी एका दमात ओतायचं. बोळे गेले तर काम बरोबर, अडले तर पॅन पुन्हा बसवून घ्या. गवंडी कुरकुरेल, कुरकुरू द्या.

खड्ड्यांबद्दल गावात जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दलही नसतील. एक मीटर व्यास, पाइपाच्या तोंडाखाली साधारण एक मीटर खोली, असा एक खड्डा पाच-सहा जणांना तीन ते पाच वर्षं पुरतो. हे ऐकलं की गवंडी हसतो: ‘अहो, एवढासा खड्डा महिन्यात भरंल.’ मग मालक घाबरून दहा बाय दहाची टाकी बांधतो, तळाला काँक्रीट ओततो, बाहेर वायूचा उंच पाइप लावतो. खर्च तिप्पट, वर टाकीतून निघणारं घाण पाणी उघड्या गटारात. मैल्यात पाणीच जास्त असतं. ते जाळीच्या, म्हणजे भोकं सोडून रचलेल्या, विटकामातून आणि तळाच्या मातीतून जिरतं, वायूही मातीत मुरतो, आणि मागे उरतो तो थोडासा गाळ. म्हणून तळ कच्चाच ठेवायचा आणि वायूच्या पाइपाची गरजच नाही. भोकं खालच्या थरांत ठेवायची, वरचा फूटभर भाग मात्र गच्च बांधायचा. सिमेंटच्या रिंगा वापरणार असाल तर दोन रिंगांमध्ये विटेचे तुकडे ठेवून फट सोडा. सांधे सिमेंटनं बुजवले की खड्ड्याची टाकी होते.

दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर हवं, नाहीतर वापरातल्याचं पाणी झिरपून शेजारच्या मिटलेल्यात जातं. विहीर किंवा बोअर निदान दहा मीटर लांब. खाली कातळ असेल तर त्याहूनही लांब, कारण कातळाच्या भेगांतून पाणी न गाळता धावतं. मुरुमात हा संच उत्तम चालतो. काळ्या मातीत अडतो: ती पाणी धरून ठेवते. तिथं खड्डा रुंद घ्या आणि भोवती फूटभर रुंद वाळूचा थर भरा. कोकणात पावसाळ्यात पाणी वर येतं, तिथं खड्डे उथळ ठेवून जमिनीच्या वर बांधून घ्यावे लागतात. गोठ्यात चार जनावरं असतील तर देहूच्या डॉ. मापुसकरांनी रुजवलेला संडास जोडलेला बायोगॅसही विचारात घ्या. तो वेगळा विषय आहे, पण गॅस पेटतो म्हटल्यावर माणसं संडासात आपणहून जातात.

पॅनपासून खड्ड्यापर्यंत चार इंची पाइप, फुटामागे पाऊण ते एक इंच उतार, मध्ये वाय आकाराचं चेंबर, जिथून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात. या संचातली सर्वात जास्त बिघडवली जाणारी वस्तू हे चेंबरच. एका वेळी एकच वाट उघडी ठेवायची, दुसरीत वीट घालून मातीनं लिंपायची. प्रत्यक्षात गवंडी दोन्ही वाटा उघड्या ठेवून निघून जातो, किंवा चेंबरवर फरशी चिकटवून टाकतो. दोन्ही खड्डे एकदम भरले की मोकळा असा एकही उरत नाही आणि ताजा मैला उपसायची वेळ येते. तसंच, न्हाणीचं पाणी या पाइपात सोडलं की खड्डा तुंबलाच म्हणून समजा. त्याला वेगळा शोषखड्डा हवा.

नीट वापरलं तर काय होतं? पहिला भरला की वीट काढून दुसऱ्या तोंडात बसवायची. मिटलेल्या खड्ड्याला दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. जंतांची अंडी चिवट असतात, घाई नको. नंतर निघतं ते काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं खत. ‘भरला तर उपसणार कोण?’ ही भीती मनात असेल तर घरातले पुरुष संडास पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. तयार खताची एक मूठ हातावर घेऊन दाखवली की ती भीती जाते.

साफसफाईला ब्रश आणि साबणाची पावडर पुरे. अ‍ॅसिड ओतलं की खड्ड्यातले कुजवणारे जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या आत नकोत.

हात धुण्याची सोय बहुतेकांच्या यादीतच नसते. वास्तविक स्वच्छ भारत अभियानातल्या १२ हजारांच्या अनुदानात पाणी साठवण्याची आणि हात धुण्याची सोय धरलेली आहे. फोटो निघतो, रक्कम जमा होते, आणि दाराशी साबण नसतो. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे पाच लिटरचा कॅन: झाकणाखाली खिळ्यानं एक भोक, आडव्या काठीवर टांगलेला, दोरीनं खालच्या काठीला बांधलेला. पाय दाबला की कॅन कलतो, पेलाभर पाण्यात दोन्ही हात होतात. साबण दोरीत ओवून टांगा आणि वर नारळाची करवंटी उलटी घाला. नाहीतर पावसात विरघळतो किंवा कावळा पळवतो.

एकूण पाचपैकी चार. एक गुण कापला तो म्हाताऱ्यांसाठी: पायऱ्या उंच होतात आणि उकिडवं बसणं गुडघ्यांना जड जातं. भिंतीत पाऊण इंची पाइपाचा दांडा बसवा, अर्धं काम होतं.

दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं तीन ओळी लिहून ठेवा: कोणता खड्डा चालू, कोणत्या महिन्यात सुरू केला, चेंबर कुठे आहे. चार वर्षांनी हे कोणालाच आठवत नाही आणि गवंडी तर दुसऱ्या तालुक्यात असतो.