गेज की 'तान'?
भुसावळच्या भाचीला कॉलेजात मेंदू आणि वागणुकीवर बोलायचंय. "मामा, फिनिअस गेज घेऊ की ब्रोकाचा 'तान'?" दोघंही मेंदूला इजा झालेले गाजलेले रुग्ण; ब्रोका म्हणजे 'तान'ला तपासणारा फ्रेंच डॉक्टर.

सांगायला गेज सोपा. 1848, अमेरिकेत रेल्वेचं काम, सुरुंग ठासायची सहा किलोची पहार गालातून शिरून कवटीबाहेर. माणूस जगला, स्वभाव बदलला. पण पुरावा तोकडा: शवविच्छेदन झालंच नाही, आणि पुढे चिलीत तो घोडागाडी हाकत होता, म्हणजे स्वभावातला बदल कायमचा होता का, शंकाच.

'तान'चा पुरावा भक्कम. 1861 मध्ये तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला. डाव्या पुढच्या भागात इजा. समजायचं बरंच, बोलता यायचं जवळपास 'तान' एवढंच. आमचे आबा अर्धांगानंतर कळण्याची भाकर मागतानाही 'हो हो'च म्हणायचे.

रेल्वे कॉलनीतल्या पोरांना गुंतवायचं तर गेज. परीक्षकांपुढे उभं राहायचं तर 'तान'च.