पावसाळी सर्वेक्षणासाठी लाकडी हर्बेरियम प्रेस: घ्यावी का?

नाशिकजवळच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या पठारांवर वनस्पती गोळा करणाऱ्यांनी ही ४५ × ३० सेंमीची जाळीदार प्रेस, म्हणजे वनस्पतींचे नमुने कागदांत दाबून वाळवायची चौकट, जरूर घ्यावी. पट्ट्या रिव्हेटने पक्क्या बसवल्यात, करकचून आवळली तरी चौकट वाकत नाही. नायलॉनच्या पट्ट्याचं बक्कल मात्र कच्चं आहे. ओलं झालं की सरकतं, दाब सुटतो आणि पानं सुरकुततात. लोखंडी बकलाचा निवारपट्टा वेगळा घ्या.

खरी लढाई ओलाव्याशी. सोबतचे दहा टिपकागद एका दिवसालाही पुरत नाहीत. जुलैत कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी धरते, पाकळ्या काळ्या पडतात. पहिली बदली २४ तासांनी करा. तेव्हा पान मऊ असतं, दुमडलेली कडा बोटाने अलगद उलगडते, एखादं पान उलटं ठेवून मागच्या शिराही दाखवता येतात. थरांमध्ये पन्हळी पुठ्ठे घाला, म्हणजे हवा खेळते. फुलाचा रंग तिथेच लिहा, वाळल्यावर तो उडतो.

आणि २००६ मध्ये अंजनेरीवरूनच नव्याने नोंदलेलं 'सेरोपेजिया अंजनेरिका' हे दुर्मीळ कंदीलपुष्प दिसलं तर प्रेस उघडूच नका. फोटो काढा, कंद जमिनीतच राहू द्या.