हीट पंपाचं गरम पाणी: यंत्राला चार तारे, कराराला अडीच

आमची सोसायटी बाणेरची. तीन विंग, 84 फ्लॅट. बिल्डरनं गच्चीवर सोलर लावून दिलं होतं, पण जुलै-ऑगस्टात त्याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी गिझर होतेच. मागच्या वर्षी आम्ही तिन्ही विंगना एकाच ठिकाणाहून गरम पाणी देणारी हीट पंपाची सेवा घेतली. यंत्र कंपनीचं, गच्ची आणि पाणी आपलं, आणि उष्णता वापराल तसे पैसे. मी सोसायटीची खजिनदार. नोकरी बँकेत, कर्जखात्यात झाली, त्यामुळे करार शेवटच्या पानापासून वाचायची खोड आहे. अशी सेवा घेऊ का, असं आजूबाजूच्या सोसायट्यांतून फार जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

यंत्र उत्तम आहे, त्यात वाद नाही. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 55 वर न्यायला सुमारे चार युनिट उष्णता लागते. गिझर त्यासाठी चार युनिट वीज खातो. हीट पंप हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, त्यामुळे त्याला साधारण सव्वा ते दीड युनिट पुरतात. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, म्हणजे धूरही तितकाच कमी. यंत्रातून थंड हवा बाहेर पडते ती वेगळीच चैन. मे महिन्यात आमचा वॉचमन दुपारी गच्चीवर तिथंच खुर्ची टाकतो. सर्वात वरच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र रात्री घरघर ऐकू यायची. खाली रबरी पॅड बसवल्यावर ती तक्रार बंद झाली.

कंपनीनं सुरुवातीला वेळ लावली होती पहाटे चारची, का तर सकाळी सगळ्यांना ताजं गरम पाणी. जानेवारीत पुण्याची पहाट दहा अंशांवर येते. त्या हवेतून उष्णता ओढायची तर यंत्राला जास्त धाप लागते. दुपारी बारा ते चार चालवा आणि टाकी नीट गुंडाळा, एवढं सांगितल्यावर विजेच्या मीटरचा आकडा लगेच उतरला. हे त्यांच्या इंजिनिअरला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

सोलर काढून टाका, असाही त्यांचा आग्रह होता. आम्ही ऐकलं नाही. आता पाणी आधी सोलरमधून जातं आणि उरलेले अंश हीट पंप चढवतो. ऊन असेल तेव्हा यंत्र जवळजवळ बसून असतं, आणि मिळकत करातली सवलतही हातची गेली नाही. सोलर काढलं असतं तर जास्त उष्णता विकली जाऊन कंपनीचं बिल फुगलं असतं, हे उघड आहे.

आता करार. पहिल्या मसुद्यात पैसे ‘अंदाजे बचती’वर होते. अंदाज कोणाचा? त्यांचा. आम्ही उष्णतेचं मीटर मागितलं, म्हणजे किती पाणी गेलं आणि किती अंशांनी तापून गेलं हे मोजणारं. ते त्यांनी बसवलं, पण टाकीच्या तोंडाशी. टाकीपासून नळापर्यंत जी उष्णता पाइपातून उडते ती आपल्या खात्यात.

ही गळती किती, ते दिवाळीत कळलं. निम्मी सोसायटी गावाला, तरी मीटरचा आकडा थोडासाच उतरला. गच्चीवर जाऊन पाहिलं. नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून पाणी पाइपांतून सतत फिरत असतं. त्या परतीच्या पाइपावरचा काळा फोम उन्हानं तडकला होता, कबुतरांनी चोचीनं उकरला होता, आणि सी विंगकडे तर हातभर पाइप उघडाच. हात लावला तर चटका बसला. आम्ही रात्रंदिवस बाणेरची हवा तापवत होतो. वर ॲल्युमिनियमचा पत्रा घालायला हवा होता, तो कोटेशनमध्येच नव्हता.

माझी भाची लंडनला अशाच सामाईक उष्णतेवरच्या फ्लॅटमध्ये राहते. तिला पुरवठादार बदलता येत नाही, आणि घरगुती गॅस-विजेवर असते तशी दराची सरकारी मर्यादा या उष्णतेवर नाही. तिथं 2023 च्या ऊर्जा कायद्यानं ही सामाईक उष्णतेची जाळी ऑफजेम या नियामकाकडे दिली, ती याच तक्रारींमुळे. डेन्मार्कनं हे फार आधी ओळखलं. तिथली जवळजवळ दोन तृतीयांश घरं अशा जाळ्यावर आहेत, पण 1979 च्या कायद्यानंतर नियोजन नगरपालिकांकडे आहे, आणि पुरवठादारानं खर्चाइतकीच वसुली करायची असते. आपल्याकडे असं काही नाही. आपला नियामक म्हणजे सोसायटीची कमिटी, आणि ती बदलत राहते.

‘किमान आकार’ या कलमावर कमिटीत सर्वात जास्त भांडण झालं. वापर करा न करा, महिन्याला अमुक रक्कम द्यायचीच. निम्मे सभासद म्हणाले, ही लूट आहे. मी कंपनीच्या बाजूनं बोलले, त्याचा राग अजून काहींच्या मनात आहे. यंत्र, टाक्या, पाइप हा सगळा पैसा पहिल्याच दिवशी जातो आणि परत येतो दहा वर्षांत थेंबाथेंबानं. त्यासाठी कर्ज देणारा पहिला प्रश्न विचारतो: गिऱ्हाईक पक्कं आहे का? पक्कं नसेल तर तो व्याज चढवतो, आणि ते व्याज फिरून आपल्याच दरात येतं. म्हणून किमान आकार मान्य केला, पण तीन अटींवर. पहिल्या वर्षी निम्मा, कारण जुने गिझर सोडायला लोकांना वेळ लागतो. सर्वात लांबच्या नळाला 45 अंश मिळाले नाहीत तर त्या दिवसाचा आकार माफ. आणि मध्येच सोडायचं तर यंत्र कितीला पडेल, त्याचा वर्षवार तक्ता करारातच.

सर्व्हिसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ॲप चकचकीत आहे, फोन उचलतात. उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी आलं की आत क्षार धरतो, त्याची सफाई मागे लागून करून घ्यावी लागते.

पाइपांच्या पत्र्याचं कोटेशन आलंय. कंपनी म्हणते अर्धा खर्च तुमचा, मी म्हणते मीटर नळाशी आणा, मग पूर्ण खर्च आमचा. उत्तर अजून आलेलं नाही.