केंड्रिकची एलपी मागवली, पैसे वसूल झाले का?

रेकॉर्ड प्लेअर घेऊन वर्ष झालं आणि त्यावर नुसती बाबांची नाट्यगीतंच वाजतायत, म्हणून म्हटलं एक तरी आपल्यासाठी घेऊ आणि केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरची 'टू पिंप अ बटरफ्लाय' मागवली. डबल एलपी, साडेचार हजार. घरी किंमत सांगितलेली नाही.

आधी वस्तूचं सांगतो. खोका चेपून आला, कव्हरचा एक कोपरा दुमडलाय, ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोटो पाठवले तर म्हणे तबकडी वाजतेय ना मग झालं. बरं, वाजतेय. आणि कसली वाजतेय! फोनवर वर्षानुवर्षं जे नुसतं धमधम वाटायचं ते थंडरकॅट नावाच्या वादकाचं बेस गिटार आहे हे आत्ता कळतंय, मागे कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन, रॉबर्ट ग्लास्परचा पियानो, म्हणजे रॅपचा अल्बम म्हणून घेतला आणि अर्धी जॅझची मैफल फुकट मिळाली असं झालं. कव्हर मोठ्या आकारात बघायला मिळतं तेही भारी, व्हाइट हाऊससमोर उघडीबंब पोरं नोटांची बंडलं घेऊन हसतायत आणि खाली एक जज आडवा पडलाय, डोळ्यांवर फुल्या. एक वैताग आहे. दोन गाण्यांच्या मधे तो एक कविता म्हणतो, दर वेळी थोडी पुढे सरकते, आणि ती रंगात आली की उठून बाजू उलटायची. ७९ मिनिटांत तीनदा उठलो.

आता हा माणूस. १९८७ चा जन्म, कॉम्प्टनचा, लॉस एंजेलिसला लागून असलेलं गाव, गँगवाल्यांचं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून टुपाक या गाजलेल्या रॅपरचं व्हिडिओ शूटिंग बघितलेलं पोर. २०१२ च्या अल्बममध्ये गल्लीतला एक दिवस सांगितला, २०१५ ला हा अल्बम आला, आणि २०१७ च्या 'डॅम'ला पुढच्या वर्षी थेट संगीताचा पुलित्झर पुरस्कार, जो तोवर शास्त्रीय आणि जॅझवाल्यांच्या बाहेर कधी गेलाच नव्हता. २०२४ ला ड्रेक या दुसऱ्या रॅपरबरोबरच्या भांडणातलं गाणं गल्लोगल्ली वाजलं, लग्नातसुद्धा ऐकलं मी, पण खरं सांगू, ते मला दोन दिवसांत पुरलं.

सामाजिक रॅपर म्हटलं की मला भाषणाचीच भीती वाटते. समाज वाईट, सरकार वाईट, मी तेवढा शहाणा. हा उलटं करतो, पहिली फिर्याद स्वतःवर. 'यू' नावाच्या गाण्यात हॉटेलच्या खोलीत दारू पिऊन रडत स्वतःलाच शिव्या घालतोय, मित्र हॉस्पिटलमध्ये होता आणि तू गेला नाहीस, फोनवर तोंड दाखवलंस. त्याच्यानंतर लगेच 'ऑलराइट' येतं, जे पुढे पोलिसांविरुद्धच्या मोर्च्यांमध्ये लोक घोषणेसारखं ओरडायला लागले. ते नुसतं एकटं ऐकलं तर आशेचं गाणं वाटतं. 'यू'च्या मागोमाग ऐकलं की कळतं, हा आधी स्वतःला समजावतोय.

माझं सगळ्यात आवडतं मात्र 'हाऊ मच अ डॉलर कॉस्ट'. दक्षिण आफ्रिकेत पेट्रोल पंपावर एक भिकारी दहा रँड मागतो, हा देत नाही, वर मनात म्हणतो नशेला हवे असणार. शेवटी कळतं की मागणारा देव होता. आपल्याकडे कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नका देवा. इथे हा कोट्यधीश गाडीत बसून दहा रँडसाठी हुज्जत घालतोय, आणि सिग्नलला काच वर करणारा मी कुठल्या तोंडानं हसू?

फक्त पार्टीला लावायला म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, 'किंग कुंटा' सोडलं तर कोणी नाचणार नाही. कव्हर तपासून घ्या. बाकी पैसे वसूल.

अल्बमच्या शेवटी केंड्रिक टुपाकशी गप्पा मारतो, तो कधीच वारलेला, १९९४ ची जुनी मुलाखत कापून जोडलीय आणि याचे प्रश्न मधे घातलेत. बोलता बोलता केंड्रिक त्याला फुलपाखराची गोष्ट वाचून दाखवतो, तुला काय वाटतं विचारतो. उत्तर नाही. हाका मारतो, पाक, पाक, आणि मग नुसती सुईची खरखर. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, संपलं का बिघडलं?